झड आणि उंबरठा

घरात येणाऱ्या नको त्या पाण्यासाठी मराठीत क्रियापदांची चंगळ आहे. छप्पर गळतं, नळ ठिबकतो, भिंत पाझरते, स्लॅबमधून झिरपतं आणि मुरतं ते नेमकं कुठं, हे कळत नाही. म्हणून तर संशय आला की ‘कुठंतरी पाणी मुरतंय’ असं आपण म्हणतो. पश्चिमेला तोंड असलेल्या मुंबईच्या घरात राहणाऱ्याला मात्र आणखी एक शब्द रोजच्या वापरात लागतो, तो म्हणजे झड. वाऱ्याने आडवा झालेला पाऊस. सरळ पडणाऱ्या पावसाला वरचं छत पुरतं. झड थेट दाराशी येऊन उभी राहते.

आमचं घर बोरिवली पश्चिमेला, सातव्या मजल्यावर. समोर खारफुटी, तिच्यापलीकडे खाडी, आणि मध्ये वारा अडवेल अशी एकही इमारत नाही. घर दाखवायला आलेल्या दलालाने हीच गोष्ट ‘व्ह्यू’ या नावाने विकली होती. हॉलमधून बाल्कनीत जायला सहा फुटी स्लायडिंग दरवाजा आहे, अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत काचेचे दोन पल्ले. पावसाळ्यात दोन-चार जोरदार सरी झाल्या की त्याच्या पायाशी हॉलच्या आत थारोळं साचायचं. आम्ही घर घेतलं तेव्हा चौकटीच्या बाहेरच्या कडेला आधीच्या मालकांनी मारलेले सिलिकॉनचे थर होते. पांढरा, त्यावर करडा, त्यावर काळपट पारदर्शक. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजावीत तसे त्यांचे पावसाळे मोजता आले असते. दर वर्षी कुणीतरी ट्यूब घेऊन आलं होतं, फट दिसेल तिथे भरून गेलं होतं, आणि पुढच्या जुलैत पाणी पुन्हा आत आलं होतं.

या थरांचं कोडं सुटायला आधी दरवाजाची रचना समजून घ्यावी लागते. आपण धरून चालतो की बंद दरवाजा पाणी बाहेर ठेवतो. सरकता दरवाजा तसा दावाच करत नाही. पल्ले सरकायचे म्हणजे त्यांच्यात आणि चौकटीत थोडी मोकळी जागा हवीच. तिथे केसाळ पट्ट्या असतात, त्या वारा आणि धूळ कमी करतात. पाणी पूर्ण रोखणं त्यांना जमत नाही. म्हणून हा दरवाजा पाण्याला थोडं आत येऊ देतो, खालच्या ट्रॅकमध्ये गोळा करतो आणि ट्रॅकच्या बाहेरच्या भिंतीला पाडलेल्या बारीक भोकांतून परत बाहेर सोडतो. ट्रॅकचा आतला काठ बाहेरच्यापेक्षा उंच असतो तो त्यासाठीच. थोडक्यात, खालचा ट्रॅक ही एक पन्हळ आहे.

आता त्या भोकांवर कुणी सिलिकॉन मारलं तर काय होईल, हे सांगायला इंजिनिअर नको. आमच्या दारात नेमकं तेच झालं होतं. भोकांतून पाणी बाहेर येताना दिसायचं, बघणाऱ्याला वाटायचं की गळती इथेच आहे, आणि तो ती बुजवायचा. शिवाय आधीच्या मालकांनी बाल्कनीतल्या जुन्या फरशीवर दुसरी फरशी बसवून घेतली होती. फोडाफोड नाही, धूळ नाही, दोन दिवसांत काम. त्यामुळे बाल्कनीची पातळी वर येऊन ट्रॅकच्या भोकांना टेकली. उरल्यासुरल्या भोकांत कबुतरांची पिसं आणि शहराची धूळ. पन्हळीचं टाकं झालं होतं.

दुसरी गोष्ट वाऱ्याची आहे, आणि तिचा हिशेब कागदावर करता येतो. वारा एखाद्या पृष्ठभागावर आदळला की त्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं जे भारतीय मानक आहे त्यात सूत्र साधं आहे: वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा, दाब पास्कलमध्ये मिळतो. आणि एक मिलिमीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण ९.८ पास्कल. म्हणजे ताशी ३६ किलोमीटरचा वारा सुमारे ६ मिलिमीटर पाणी तोलून धरू शकतो. ताशी ५४ चा १४ मिलिमीटर. ताशी ७२ चा २४ मिलिमीटर. वेग दुप्पट झाला की पाण्याची उंची चौपट. वारा बाहेरून दाबत असतो तोवर ट्रॅकमधलं पाणी भोकांतून बाहेर पडत नाही. ते तिथेच चढत राहतं, आणि आतल्या काठापेक्षा उंच झालं की हॉलमध्ये उतरतं. मी आमच्या ट्रॅकचा आतला काठ मोजला. २२ मिलिमीटर. म्हणजे सगळी भोकं स्वच्छ असती तरी ताशी ७० किलोमीटरच्या आसपास हा दरवाजा हरणारच होता. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी १०० किलोमीटरच्या वर नोंदले गेले. त्या वेगाला सुमारे पाच सेंटिमीटरचा काठ हवा.

पाच सेंटिमीटर म्हणजे दोन इंच. हा आकडा पाहिल्यावर मला एकदम आठवला तो उंबरठा.

कोकणातल्या घरांना आधी उंच जोतं असायचं, मग पायऱ्या, मग पुढे आलेली पडवी, तिच्यावर खाली उतरलेलं छप्पर, पागोळ्या अंगणात पडतील इतकं पुढे. पावसाळ्यापूर्वी पडवीच्या वाऱ्याकडच्या बाजूला माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं बांधायची. एवढं सगळं ओलांडून झड आलीच तर दाराशी लाकडी उंबरठा. तिथे बसू नये, तिथे शिंकू नये, त्याला पाय लावू नये, असे नाना नियम आपण ऐकले. पण तो मुळात एक बांध होता. मुंबईनेही हे शहाणपण काही काळ पाळलं. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींवर खिडक्यांच्या वर भुवयांसारखे जे आडवे छज्जे दिसतात, ते शोभेसाठी जेवढे, तेवढेच ऊन-पावसासाठी. पुढे इमारती उंच झाल्या, छज्जे आखडले, काच वाढली, आणि हॉल व बाल्कनी ‘एकसंध’ दिसावी म्हणून उंबरठा जमिनीत विरघळला. आता त्याच्या जागी २२ मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आहे.

*

आमच्या हॉलमधलं थारोळं फडक्याने पुसता येत होतं. प्रश्न खालच्या मजल्याचा होता. सहाव्या मजल्यावरच्या काकूंच्या हॉलच्या छताला, बरोबर आमच्या दाराच्या रेषेत, काळा डाग धरला होता. एका ऑगस्टमध्ये तिथला प्लास्टरचा तुकडा दिवाणावर पडला. त्यावर रोज दुपारी त्यांचा नातू झोपायचा. त्या दिवशी तो शाळेतून उशिरा आला म्हणून बचावला. काकूंनी आवाज चढवला नाही. जिन्यात भेटल्यावर एवढंच म्हणाल्या, “अगं, वर काय चाललंय ते एकदा बघ गं.” दहा वर्षं आमची एकमेकींकडे वाटी-वाटीची देवाणघेवाण होती. त्या वर्षी दिवाळीचं ताट आलं, पण त्यांनी स्वतः आणलं नाही, मुलाच्या हाती पाठवलं.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलेली दोन मतं निघाली. एक, तुमच्या बाथरूमचं पाणी आहे, बाथरूम फोडा. दोन, बाहेरच्या भिंतीला भेगा आहेत, सोसायटीने बघावं. यात भांडणाचा मुद्दा खर्चाचा असतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेने दुरुस्त करायची, आणि संडास-बाथरूमसारखी घराच्या आतली गळती ज्याची त्याने. नव्या इमारतीत असतो तर आणखी एक दार उघडं होतं: रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरला तो ३० दिवसांच्या आत विनामूल्य दुरुस्त करावा लागतो. आमच्या इमारतीची ती पाच वर्षं कधीच उलटून गेली होती. आणि बाल्कनीचं दार तर आतही नाही, बाहेरही नाही. उपविधी लिहिणाऱ्यांनी बहुधा उंबरठ्यावर उभं राहून विचार केला नसावा.

मी त्या पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तीन गोष्टी लिहायला लागले: पाऊस किती, वारा कुठून, आणि काकूंच्या छताला ओल किती. तिसरी नोंद काकू फोनवर द्यायच्या. सप्टेंबरपर्यंत चित्र स्पष्ट झालं. दिवसभर मुसळधार, पण वारा पडलेला असेल तर छत कोरडं. अर्ध्या तासाची सर, पण खाडीवरून सुसाटत आलेली, की दुसऱ्या दिवशी डाग ओला. जानेवारीत पूर्ण कोरडं. बाथरूम आम्ही जानेवारीतही वापरतो. कुठला तज्ज्ञ न बोलावता बाथरूम निर्दोष सुटलं.

मग एप्रिलमध्ये, बाहेर कडक ऊन असताना, परीक्षा घेतली. भोकांवरचं सिलिकॉन ब्लेडने खरवडून काढलं आणि प्रत्येक भोकाला आतून कणकेचा गोळा दाबून बसवला. मग ट्रॅकमध्ये खायचा लाल रंग घातलेलं पाणी भरलं आणि कडेला पेन्सिलीने रेघ मारली. काकू खाली छताकडे मान करून बसल्या, फोन चालू. एप्रिलच्या उन्हातही अर्ध्या तासात आठ मिलिमीटर पाण्याची वाफ होत नाही. पण पाणी तेवढं उतरलं होतं, आणि बाहेर एक थेंब आला नव्हता. ते खालीच जात होतं: ट्रॅक जमिनीला धरून ठेवण्यासाठी त्याच्या तळातून मारलेल्या स्क्रूंच्या भोकांतून आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांतल्या सांध्यांतून. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. “लाल आलं गं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात मला महिनोन्‌महिने न ऐकू आलेलं हसू होतं.

नळीने पाणी मारून तपासायचं असेल तर त्याचाही क्रम आहे. खालून वर जायचं. आधी फक्त ट्रॅक, मग खालचे कोपरे, मग उभ्या कडा, शेवटी वरची कड, आणि प्रत्येक ठिकाणी थांबून वाट बघायची. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळत सगळीकडून जातं आणि कुठल्या जागेने गुन्हा केला ते कळत नाही. आमच्या दाराची एक उभी कड अशी सापडली. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये बाहेरून केसाएवढी भेग होती. ती बाहेरच्या भिंतीची, म्हणून सोसायटीने झुल्यावरची माणसं आणून भरून दिली. बाकीचं काम आमचं.

*

इथवर हा तपास होता. खरी अडचण पुढे आली. स्लायडिंगवाल्याचं म्हणणं सरळ होतं: जुनी चौकट काढा, खाली दोन इंच उंच ग्रॅनाइटचा उंबरठा घाला, त्यावर नवी चौकट. हिशेबाने तो बरोबरच होता. दोन इंचांनी तौक्तेलाही तोंड दिलं असतं.

पण माझी आई आमच्याकडे राहते. तीन वर्षांपूर्वी तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती वॉकरने चालते. तिचं बाहेरचं जग म्हणजे ही बाल्कनी. सकाळी तुळशीला पाणी, मग खुर्चीत बसून खाडीवरचे बगळे, भरती-ओहोटी, आणि खाली शाळेच्या बसला धावणारी मुलं. इंचभराच्या जुन्या ट्रॅकवरूनही वॉकर उचलताना ती एक क्षण थांबायची, श्वास घ्यायची. दोन इंच दगड घातला असता तर बाल्कनी तिच्यासाठी बंद झाली असती. तिने स्वतःच तोडगा सुचवला: “घाल गं दगड. काकूंच्या नातवाच्या डोक्यावर पडण्यापेक्षा बरं. मी काचेतून बघेन.” आणि ती तसं बोलली म्हणूनच तो दगड घालणं अशक्य झालं.

वाऱ्याला हवी उंची, वॉकरला हवी सपाटी. माप दोघांचंही खरं.

वाट सापडली ती गवंड्याकडून. साठीचे गृहस्थ, मूळचे कोल्हापूरकडचे, फार बोलत नसत. त्यांनी बाल्कनीतल्या फरशीचा कोपरा छिन्नीने उडवला, खालची जुनी फरशी उघडी केली, आणि टेप लावली. वरची फरशी आणि तिच्याखालचा मसाला मिळून दोन इंच. “ताई, उंबरठा वर कशाला न्यायचा? बाहेरचं खाली घेऊ की.”

उंची ही दोन पातळ्यांमधली गोष्ट आहे. आतला काठ वर उचलला काय किंवा बाहेरची जमीन खाली नेली काय, पाण्याला दोन्ही सारखंच. दुसरी फरशी निघाली तेव्हा बाल्कनी हॉलपेक्षा दोन इंच खाली गेली, म्हणजे इमारत बांधली तेव्हा जिथे होती तिथेच परत. ट्रॅक तेवढाच खाली बसवला, त्याचा आतला काठ हॉलच्या फरशीशी बरोबर सपाट. ट्रॅकच्या तळापासून त्या काठापर्यंत ५० मिलिमीटर. स्लॅबला कुठेही छिन्नी लागू दिली नाही, ती अट पहिलीच होती.

पण मग बाल्कनीत पाऊल टाकताना आईला दोन इंच उतरावं लागणार. त्यासाठी खालच्या फरशीवर लहान पायांवर उचलून फायबरच्या जाळीचे चौकोन बसवले, हॉलच्या पातळीला, आणि जाळी इतकी बारीक की वॉकरचा पाय अडकू नये. पाणी जाळीतून खाली जातं, खालच्या उताराने कोपऱ्यातल्या नहाणीच्या जाळीकडे वाहतं. माणसांची फरशी वर, पाण्याची खाली. जाळीचे चौकोन सुटे आहेत, उचलून खालची घाण काढता येते. कठड्याची उंची मोजून घेतली. पाय ठेवायची पातळी पूर्वीएवढीच राहिल्याने ती कमी झाली नाही. ट्रॅकच्या खाचांवर, ज्या बाजूने दार उघडतं तिथे, एक सुटी पट्टी ठेवली.

आणि ट्रॅकखाली गवंड्यांनी जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. त्यांनी सिमेंटमध्ये पॉलिमर मिसळलेला लेप ट्रॅकच्या जागेवर दोनदा लावला आणि हॉलकडच्या बाजूला व दोन्ही टोकांना तो वर वळवून घेतला. त्यावर त्याच आकाराचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा. तीन बाजूंना काठ, बाल्कनीकडची बाजू मोकळी. “सूप हाय बगा हे,” ते म्हणाले. खरंच सूप होतं. दरवाजा कधीतरी गळणार, सांधे कधीतरी सुटणार, हे आधीच मान्य करून त्याच्याखाली ठेवलेलं. गळलेलं पाणी सुपात पडेल आणि मोकळ्या बाजूने बाहेर जाईल, काकूंच्या छतात जाणार नाही. या वेळी ट्रॅकच्या तळात एकही स्क्रू मारला नाही. चौकट बाजूच्या भिंतींना धरली.

सिलिकॉनही वापरलं, पण जागा बघून. दोन्ही उभ्या कडा आणि वरची कड बाहेरून बंद, खालची बाहेरची कड उघडी. ट्यूबचाही फरक पडतो. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन काचेला चांगलं धरतं, सिमेंटला नाही. तिथे बिनवासाचं न्यूट्रल लागतं. जुन्या सिलिकॉनवर नवं नीट चिकटत नाही, म्हणून आधीचा थर पूर्ण खरवडावा लागतो. रुंद फटीत आधी फोमची गोल दोरी दाबायची आणि तिच्यावर पातळ थर द्यायचा, म्हणजे चौकट उन्हाने ताणली-आकसली तरी तो फाटत नाही. सगळं झाल्यावर बाल्कनीचं पाणी जायचं भोक बंद करून दोन दिवस पाणी साठवून ठेवलं. काकू दोन दिवस छताखाली येरझाऱ्या घालत होत्या. काही आलं नाही.

खर्च ग्रॅनाइटच्या उंबरठ्यापेक्षा बराच जास्त झाला. घरात चर्चा झाली. नवऱ्याने एकदाच विचारलं की दरवर्षीच्या सिलिकॉनच्या ट्यूबा यापेक्षा स्वस्त नव्हत्या का. स्वस्त होत्याच. पण त्यांची बाकी खालच्या मजल्यावर साठत होती.

आता झड आली की नवं दार आवाज करतं. झोत आला की ट्रॅकमधलं पाणी चढतं, भोकांतून हवा आत शिरते आणि पाण्यात बुडबुडे निघतात, हुक्क्यासारखा गुडगुड आवाज. झोत सरला की ते पाणी एकदम बाहेर सुटतं. पाहुणे दचकतात. पहिल्या पावसाळ्यात मी टॉर्च घेऊन खाली बसून ते पाणी काठाच्या किती खाली थांबतं ते बघत असे. एकदा ३० मिलिमीटरपर्यंत आलं. आईला त्या आवाजाची इतकी सवय झाली आहे की ती आवाजावरून वाऱ्याचा अंदाज सांगते, आणि तो बरेचदा वेधशाळेइतका जमतो.

मुंबईत मोसमी पावसाची सरासरी तारीख ११ जून. त्याआधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, आमच्याकडे एक काम असतं. जाळीचे चौकोन उचलायचे, खालची माती आणि पिसं काढायची, ट्रॅक ब्रशने घासायचा, प्रत्येक भोकात जुनी विणायची सुई घालून फिरवायची, मग तांब्याभर पाणी ओतून ते सगळ्या भोकांतून बाहेर येतंय का बघायचं. कुंड्या भोकांसमोरून हलवायच्या. अर्ध्या तासाचं काम आहे. गावी याच सुमारास झापं बांधत.

काकूंनी छत लगेच रंगवलं नाही. स्लॅब एक अख्खा हिवाळा आणि उन्हाळा वाळू दे, असं गवंडी म्हणाले होते. ओल्यावर मारलेला रंग पुन्हा पोपडे धरतो. त्यांनी दोन पावसाळे वाट पाहिली. गेल्या महिन्यात रंगारी आला, आणि दिवाण परत त्या जागी सरकला.